वारसा रक्ताचा आणि वारसा सवयीचा : डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे जीवनकार्य

मराठवाड्यात स्थळ पाहावयास गेलेली मंडळी घरदार, शेती, नोकरी आणि शिक्षण यांची चौकशी आटोपली की आवाज खाली आणून आणखी एक चौकशी करतात. घराण्यात कोणाला काही आजार तर नाही ना, ही ती चौकशी होय. हिंदू असो वा मुसलमान, गरीब असो वा श्रीमंत, ही पृच्छा सर्वत्र सारखीच असते. तिच्या उत्तरावर कित्येक मुलींचे संसार उभे राहिले आहेत आणि कित्येकींचे मोडलेही आहेत. महारोग, क्षय, फेफरे, वेड हे सगळे आजार रक्तातून येतात असे समजून आपल्या वाडवडिलांनी एकाच्या दुखण्याची शिक्षा साऱ्या खानदानाला दिली. उलट मधुमेह, हृदयविकार किंवा स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोग यांत घराण्याचा काही अंश खरोखरच असतो, तेथे मात्र नशिबाकडे बोट दाखवून स्वस्थ बसण्याची रीत पडली.

रक्तातून काय येते आणि राहणीतून काय येते, हे दोन धागे वेगळे करून पाहण्याचे अवघड काम ज्या मोजक्या भारतीय शास्त्रज्ञांनी प्रथम हाती घेतले, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव फार वरचे आहे. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांच्या निधनाला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. तरीही त्यांनी घालून दिलेली विचाराची शिस्त आपल्या घरातल्या रोजच्या निर्णयांना उपयोगी पडेल अशी आहे. म्हणून पालक व विद्यार्थी यांच्यासाठी त्यांच्या जीवनकार्याची ही ओळख येथे करून देत आहोत.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनला घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळविली. त्या काळी विलायतेहून एवढी मोठी पदवी घेऊन आलेला डॉक्टर मुंबईत दवाखाना थाटून अमाप पैसा मिळवू शकत असे. खानोलकरांनी तो मार्ग धरला नाही. ते अध्यापनाकडे व प्रयोगशाळेकडे वळले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. रोग्याची नाडी पाहणारा डॉक्टर आपल्याला दिसतो. परंतु रोग्याच्या शरीरातून काढलेला मांसाचा बारीक तुकडा मेणात बसवून, त्याचे कागदाहूनही पातळ काप करून, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा डॉक्टर आपल्याला सहसा दिसत नाही. गाठ साधी आहे की कर्करोगाची आहे, हा निवाडा तो करतो. पडद्याआडचे हे काम आहे आणि त्यात घाई चालत नाही. खानोलकरांच्या स्वभावाला ते मानवले. पुढे १९४९ मध्ये देशातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या स्थापनेत त्यांचाच पुढाकार होता.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईच्या परळ भागात टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या होत्या. त्या दुःखातून टाटांच्या विश्वस्त निधीने हे रुग्णालय उभारले. तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे रोगी आता एका छताखाली दिसू लागले. प्रत्येक रोग्याचे गाव, जात-जमात, धंदा, खाणेपिणे, व्यसन आणि गाठीची नेमकी जागा यांची नोंद होऊ लागली. विलायती पुस्तकांत न सापडणारी माहिती या नोंदींतून हळूहळू आकार घेऊ लागली.

तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रोग्यांचा आढावा घेऊन खानोलकरांनी १९४४ साली अमेरिकेतील एका नामांकित नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग त्या मानाने थोडा, आणि आपल्याकडे मात्र तो पहिल्या रांगेत. असे का व्हावे? हिंदी माणसाच्या रक्तातच काही खोट आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. खानोलकरांनी तसे केले नाही. माणसे काय चघळतात, काय ओढतात आणि कपडे कसे नेसतात, याकडे त्यांनी लक्ष दिले. आंध्रकडे चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात, तेथे टाळूचा कर्करोग होतो. तंबाखू-चुन्याची गोळी ओठाआड दाबून ठेवणाऱ्याला तेथेच व्रण पडतो. वर्षानुवर्षे धोतर वा लुगडे कमरेला एकाच जागी करकचून आवळले तर तेथील कातडीलाही क्वचित कर्करोग होतो. १९४५ साली सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी कर्करोग आणि चालीरीती यांचा असा संबंध मांडला.

पुढे १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखूविषयीचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्याला तोंडाच्या पोकळीचा आणि ओढणाऱ्याला घशाकडच्या भागाचा कर्करोग अधिक होतो, हे त्यांनी रोगी व निरोगी माणसांच्या सवयी शेजारी शेजारी ठेवून दाखविले. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध विलायतेत डॉल व हिल यांनी १९५० साली दाखविला होता. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत मुंबईत हे काम झाले. बापाला तोंडाचा कर्करोग झाला आणि मुलालाही झाला, तर लोक त्याला घराण्याचा रोग म्हणतात. पण बापाकडून मुलाने रक्ताबरोबर तंबाखूची चंचीही घेतलेली असते, ही गोष्ट या संशोधनाने उजेडात आणली.

मग रक्तातून काहीच येत नाही काय? येते, आणि तेही मोजता येते. या बाबतीत खानोलकरांना लाभशंकर संघवी हे तरुण सहकारी लाभले. या दोघांनी मिळून मुंबईतील, आपापल्या आतच लग्ने करणाऱ्या सहा समाजगटांची तपासणी केली आणि सात आनुवंशिक गुणांचा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध केला. माणसाचा रक्तगट त्याच्या खाण्यापिण्याने बदलत नाही, की श्रीमंती-गरिबीने बदलत नाही. तो आईबापांकडून येतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. म्हणून आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्याला तो फार विश्वासाचा साक्षीदार वाटतो. एकाच शहरात राहणारे आणि शेजारी नांदणारे लोक पिढ्यान् पिढ्या परस्परांत लग्ने करीत नसतील, तर त्यांच्यातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण वेगवेगळे होते, हे अशा मोजणीतून कळते. यात कोणी उच्च वा नीच ठरत नाही. तेच गुण सर्वांत आढळतात, फक्त कोठे थोडे जास्त आणि कोठे थोडे कमी. परंतु एखाद्या गटात एखाद्या रोगाचे बीज अधिक पसरलेले असेल तर ते शोधण्याची वाट अशा अभ्यासाने मोकळी होते.

आपल्या तेर गावच्या माणसाला हे समजणे कठीण जाऊ नये. आजचे तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वी येथला माल बैलगाड्यांनी पश्चिमेच्या बंदरांकडे जाई आणि तेथून समुद्रापार जाई. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या व आता शासकीय संग्रहालयात असलेल्या वस्तू पाहिल्या म्हणजे रोमन जगाशी असलेला हा संबंध डोळ्यांपुढे उभा राहतो. जेथे व्यापार चालतो तेथे माणसे येतात आणि काही तेथेच राहतात. आपल्यापैकी कोणाच्या नसांत किती देशांचे रक्त वाहत आहे, हे वंशावळीच्या वहीत लिहिलेले नसते.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. येथे त्यांच्या हाताखाली घडलेल्या विद्यार्थिनींत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रगण्य आहे. पुण्याच्या या कन्येने खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करून १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी या केंद्रात भारतातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

उंदरांवर प्रयोग कशासाठी, असे कोणी विचारील. माणसाच्या तीन पिढ्या पाहावयाच्या तर संशोधकाचे आयुष्य संपते. उंदराच्या तीन पिढ्या वर्षभरात पाहता येतात. काही उंदरांच्या वंशांत जवळजवळ प्रत्येक मादीला स्तनाचा कर्करोग होई, तर काही वंशांत तो क्वचितच होई. साहजिकच हा रोग सर्वस्वी रक्तातला असे वाटले. परंतु १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखविले, की रोगी वंशातली पिल्ले निरोगी वंशातल्या मादीच्या दुधावर वाढविली, तर त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण घटते. दुधातून एक विषाणू येत होता. म्हणजे वंश, दूध आणि शरीरातील संप्रेरके अशा तीन गोष्टी मिळून तो रोग होत होता. रणदिवे यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकतेचा भाग किती व इतर कारणांचा किती, याचा छडा लावण्यात आपली उमेदीची वर्षे घातली.

कुष्ठरोगाच्या बाबतीतही खानोलकरांनी मोठे काम केले. महारोग रक्तातून येतो अशी समजूत गावोगाव होती. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली त्याचा जंतू दाखविला, तरी समजूत हटली नाही. हा जंतू प्रथम शरीरात कोठे ठाण मांडतो याचा, विशेषतः मज्जातंतूंवर तो कसा घाला घालतो याचा, खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ज्या घरातील मुलींना या एका रोगाच्या नावाने नाकारले गेले, त्यांच्यावरील आळ विज्ञानाने पुसून टाकला, हे केवढे उपकार म्हणावेत!

१९६० ते १९६३ या काळात खानोलकरांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९६६ साली टाटा मेमोरियल रुग्णालय व कर्करोग संशोधन केंद्र या दोन्ही संस्था अणुऊर्जा खात्याखाली एकत्र आल्या. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर निवर्तले. नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राचे जे संशोधन-संकुल आहे, त्यातील एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देऊन त्यांची स्मृती जपली आहे.

खानोलकर गेले तेव्हा घराण्यातून येणाऱ्या कर्करोगाचे नेमके बीज कोणालाच दिसलेले नव्हते. ते दिसण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून एक व वडिलांकडून एक असे सूचनांचे दोन संच असतात. एकेका संचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. या सूचनांच्या प्रकरणांना जनुके म्हणतात. १९९० साली अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाशी निगडित एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे असे दाखविले आणि १९९४ साली ते हाती लागले. त्याला बी. आर. सी. ए. एक म्हणतात. पुढल्याच वर्षी दुसरेही सापडले. यांपैकी एखाद्यात दोष असेल तर त्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. मात्र स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रोग्यांत असा वारसा असलेल्या साधारण ५ ते १० च असतात. हा दोष वडिलांकडूनही येऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मधुमेहाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे एकच जनुक गुन्हेगार नाही. थोडाथोडा धोका वाढविणारी शेकडो ठिकाणे आहेत. त्यांतले एक महत्त्वाचे जनुक २००६ साली आइसलँडमधील संशोधकांना सापडले. तेच जनुक आपल्या लोकांतही मधुमेहाशी निगडित आहे, हे पुण्यातील रोग्यांच्या अभ्यासावरून २००७ साली प्रसिद्ध झाले. हृदयाच्या स्नायूसंबंधीच्या एका जनुकात २५ अक्षरे गळालेली असली तर उतारवयात हृदय दुबळे होण्याचा धोका वाढतो. भारतीय उपखंडात १०० माणसांत सुमारे ४ जणांत ही उणीव आहे, असे २००९ साली दिसून आले.

यावरून कोणी घाबरून जाऊ नये. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव आहे, तेव्हा कुंभाराच्या चाकाचा दाखला येथे शोभेल. मडके कसे होईल हे मातीवर अवलंबून असते; परंतु चाकावरचा हात आणि आव्यातला जाळ यांवरही ते अवलंबून असते. माती थोडी कच्ची असली तर कुंभार ती फेकून देत नाही, अधिक जपून हाताळतो. आईवडील दोघांना मधुमेह आहे अशा मुलाने वजन आटोक्यात ठेवले, रोज चालणे-खेळणे ठेवले आणि तिशीपासून साखर तपासून घेतली, तर तो रोग टाळू शकतो किंवा बराच लांबवू शकतो. आणि माती उत्तम असूनही जो गुटखा व तंबाखू सोडीत नाही, त्याचे मडके जाळाने तडकणारच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनीच चंची बाळगली तर कायदा एकटा काय करणार?

एका विषयाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या समाजात चुलत, आते, मामे व मावस भावंडांत विवाह होतात. मराठवाड्यातील अनेक हिंदू समाजांतही मामाची किंवा आतेची मुलगी करण्याची चाल आहे. हे विवाह मायेने, विश्वासाने होतात आणि त्यांतील बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात. पण काही रोग असे आहेत की सदोष जनुक एकाच बाजूने आले तर काहीच त्रास होत नाही, दोन्ही बाजूंनी आले तरच रोग होतो. थॅलेसेमिया हा त्यांपैकी एक. अशा मुलाला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सख्ख्या भावंडांच्या मुलांमध्ये साधारण एक-अष्टमांश जनुके समान असतात, त्यामुळे दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. कोणत्याही जोडप्याच्या मुलात जन्मजात गंभीर दोष असण्याचा संभव १०० त २ ते ३ धरला, तर जवळच्या नात्यात त्यात साधारण तितकीच भर पडते. एका घराण्यात पिढ्यान् पिढ्या असेच विवाह होत आले असतील तर ही भर अधिक असते.

थॅलेसेमियाचे वाहक कोण, हे साध्या रक्त तपासणीने कळते. वाहक स्वतः धडधाकट असतो. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारांत एक मूल रोगी होण्याचा संभव असतो. एकच वाहक असेल तर हा आजार मुलाला होत नाही. मग ही तपासणी साखरपुड्याआधी का करू नये? स्थळ मोडण्यासाठी ती करावयाची नाही. पुढे एखाद्या लेकराला रक्ताच्या बाटलीवर जगावे लागू नये, एवढ्यासाठीच ती करावयाची आहे. ती मुलाची व मुलीची, दोघांचीही व्हावी. आजारी मूल जन्मले की सगळा दोष सुनेच्या माथी मारण्याची जी रीत आहे, तिला विज्ञानात काडीचाही आधार नाही. अशा रोगात आई व बाप दोघांचा वाटा अगदी सारखा असतो.

पालकांना आणखी एक विनंती आहे. घरात एक वही करावी. आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी यांना कोणता आजार झाला आणि कोणत्या वयात झाला, हे तिच्यात लिहून ठेवावे. आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्ही बाजूंचे लिहावे. एखादा रोग लहान वयात किंवा जवळच्या दोघा-तिघांना झालेला दिसला, तर ती वही डॉक्टरांना दाखवावी. महागड्या तपासणीआधी डॉक्टर प्रथम हीच माहिती विचारतो. ती लपविल्याने अब्रू राहत नाही, वेळ मात्र निघून जातो.

विद्यार्थी मित्रहो, खानोलकरांच्या चरित्रातून तुम्ही काय घ्यावे? त्यांच्यापुढे संपत्तीचा मार्ग खुला होता, त्यांनी ज्ञानाचा मार्ग घेतला. घराण्याला, जातीला, नशिबाला दोष देण्यापूर्वी मोजून पाहावे, हे त्यांनी शिकविले. त्यांच्या प्रयोगशाळेत पुण्याची एक मुलगी शास्त्रज्ञ झाली आणि पुढे त्याच संस्थेची संचालक झाली. आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलींमध्येही अशी बुद्धी आहे. दहावीनंतर तिला घरी बसविले तर ती बुद्धी आपल्यालाच अंतरेल. जनुके आपण निवडू शकत नाही. मुलांना शाळेत किती वर्षे ठेवावयाचे, घरात तंबाखू येऊ द्यावयाची की नाही आणि लग्नाआधी दोन थेंब रक्त तपासावयाचे की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.